कळकलेले औषध

कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवू नये, ते कळकते, हे आमच्या घरात कोणी कोणाला शिकविल्याचे आम्हांस स्मरत नाही. चिंचेचे सार, आमटी, दही, लोणचे या सर्वांना हाच नियम. काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत वर्षातून दोन वेळा कलईवाला येऊन भाता मांडीत असे. नवसागराचा पांढरा धूर, तापलेल्या भांड्यावर कापसाच्या बोळ्याने फिरणारी कथलाची चांदी आणि पाण्यात बुडविताच होणारा तो चर्र आवाज आमच्या पिढीच्या वाचकांना वेगळा सांगावयास नको. एखादे वर्षी कलईवाला चुकला व कोणी नवखी सून त्या भांड्यात कढी करून बसली, तर कढीला हिरवट झाक येई, जिभेवर कसनुशी चव रेंगाळे आणि घरभर मळमळ सुरू होई.

कळकणे म्हणजे काय, हे मात्र आम्हांस पन्नाशी उलटल्यावर कळले. आंबट पदार्थातील आम्ले भांड्याच्या अंगातून तांब्याचे सूक्ष्म कण ओढून घेतात व त्यांना घट्ट धरून ठेवतात. धातू आणि त्याला धरणारे द्रव्य मिळून जो नवा पदार्थ होतो, त्यास रसायनशास्त्रात धातुसंकुल म्हणतात. नाव भारदस्त असले तरी वस्तू स्वयंपाकघरातलीच आहे. ती आम्हांस समजली ती एका आजारपणामुळे, आणि त्या आजारपणात दोष सर्वस्वी आमचा होता, म्हणून ही हकीकत प्रथम सांगितली पाहिजे.

यंदा भाद्रपदात, गौरी जेवून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या मातोश्रींना थंडी वाजून ताप भरला. वय ब्याऐंशी. लघवीला जळजळ होत होती. डॉक्टरांनी मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाल्याचे सांगून सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, लिहून दिल्या. आपल्या घरांतून एक समजूत पक्की आहे की अशा गोळ्या ‘उष्ण’ पडतात. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी प्रत्येक गोळीबरोबर पेलाभर दूध देण्याचा नेम ठेविला. त्याच वेळी रक्तवाढीची लोहाची गोळी आणि हाडांसाठी कॅल्शियमची गोळीही दिली जाई. सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या म्हणजे विसर पडत नाही, ही युक्ती आमची. शाळेत वेळापत्रक आखण्यात हयात गेलेल्या माणसाला घरात तीन गोळ्यांचे वेळापत्रक नीट आखता आले नाही.

चौथा दिवस उजाडला तरी ताप हटेना. मातोश्री भ्रमिष्टासारखे बोलू लागल्या. आम्हांस आमच्या दिवंगत काकांच्या नावाने हाक मारू लागल्या. रिक्षात घालून त्यांना पुन्हा दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासले, कागद पाहिले आणि औषध बदलण्याऐवजी एकच प्रश्न विचारला, “मास्तर, गोळी कशाबरोबर देता?” आम्ही मोठ्या अभिमानाने दुधाचे नाव घेतले. पाठोपाठ लोह आणि कॅल्शियम यांचेही. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला नाही एवढेच. म्हणाले, “गोळी पोटात गेली हो, पण रक्तात पुरती पोहोचलीच नाही.”

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखविले ते असे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या रेणूत प्राणवायूचे दोन अणू एकमेकांच्या शेजारी अशा बेताने बसलेले असतात की त्यांची जणू खेकड्याची नांगीच बनते. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम असा एखादा धातू समोर आला की ही नांगी तो पकडते. असे घट्ट पकडलेले औषध आतड्याच्या भिंतीतून रक्तात सहजी शिरत नाही. ते आले तसे बाहेर पडते. गंमत अशी की १९२० साली इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी अशा पकडीला जे नाव दिले, तेही खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक शब्दावरूनच. दुधाने या औषधाचा सुमारे एक तृतीयांश भाग वाया जातो. लोहाच्या किंवा आम्लपित्तावरच्या गोळीने त्याहून पुष्कळच अधिक. म्हणून या गोळीच्या आधी दोन तास घेतलेले औषध निराळे आणि नंतर लगेच घेतलेले निराळे. गोळी घेतल्यावर निदान दोन तास, आणि धातूची गोळी आधी झाली असल्यास सहा तास अंतर ठेवावे, असा या औषधाचा नियम आहे. तो गोळ्यांबरोबरच्या घडी घातलेल्या कागदावर छापलेलाही असतो. पण इंग्रजीत, आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

थोडक्यात, आमच्या घरी औषध कळकले होते.

हा दोष एकट्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा नव्हे. टेट्रासायक्लिन हे त्याहून जुने औषध याच स्वभावाचे. आमच्या बरोबरीच्या शाळूसोबत्यांपैकी काहींच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते. लहानपणी ताप-खोकल्यावर दिलेल्या टेट्रासायक्लिनची ती खूण. वाढत्या वयातील दातांत व हाडांत कॅल्शियम भरत असते, औषध त्याला चिकटते आणि कायमचे मुक्कामाला राहते. आठ वर्षांखालील मुलांना ते सहसा देऊ नये, हा नियम पुढे झाला तो यामुळेच. या कुळातील पहिले औषध ऑरिओमायसिन. ते १९४८ साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेतून जगापुढे आले. मातीतल्या बुरशीसारख्या जिवाणूतून ते वेगळे काढणारे बेंजामिन डगर हे वनस्पतिशास्त्रज्ञ. परंतु त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा ज्यांच्याकडे होती, ते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या शेजारच्या आंध्रातील भीमवरमचे. १८९५ चा जन्म, मद्रासला वैद्यकीय शिक्षण, पुढे अमेरिकेस प्रयाण, आणि ऑरिओमायसिन प्रसिद्ध झाले त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मृत्यू. त्यांच्याविषयी या सदरात कधीतरी स्वतंत्रपणे लिहिण्याचा आमचा संकल्प जुनाच आहे.

मातोश्री बऱ्या झाल्या. गोळी तीच, फक्त साध्या पाण्याबरोबर आणि एकटी. तेथेच हा विषय संपला असता. परंतु दसऱ्याच्या संध्याकाळी सोने द्यावयास आमचा एक जुना विद्यार्थी आला. येथे आपट्यापेक्षा शमीची, म्हणजे इकडच्या भाषेत जम्मीची, पाने सोने म्हणून देण्याचा प्रघात आहे हे वाचक जाणतातच. हा मुलगा आता शहरातील एका विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करतो. मातोश्रींच्या पायांवर डोके ठेवून त्याने त्यांच्या आजाराची सगळी हकीकत ऐकली आणि हसून म्हणाला, “सर, तुमच्या घरी जो अपघात झाला, तोच मी प्रयोगशाळेत रोज मुद्दाम घडवून आणतो. त्यावरच माझी पीएच.डी. आहे.”

आमचा विश्वास बसेना. जी पकड औषधाचा नाश करते, ती मुद्दाम कशासाठी घडवावयाची? तेव्हा त्याने आम्हांस येऊन पाहण्याचे निमंत्रण दिले, आणि आम्ही मराठीचे एम. ए. एका शनिवारी काचेच्या नळ्यांच्या राज्यात जाऊन उभे राहिलो.

काम समजावयास थोडी पूर्वपीठिका हवी. पेनिसिलिन १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या दृष्टीस पडले, ते बुरशीने जसे बनविले तसे. माणसाने त्यात कारागिरी सुरू केली ती पुढे. टेट्रासायक्लिन हे स्वतःच अशा कारागिरीचे फळ. ऑरिओमायसिनच्या रेणूतील क्लोरीन काढून टाकल्यावर ते हाती आले. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये पेनिसिलिनचा मूळ गाभा वेगळा करता आला, आणि मग त्याला निरनिराळ्या शेपट्या जोडून १९६१ पासून अँपिसिलिन व त्याची भावंडे निघाली. आमचा विद्यार्थी करतो ते याच परंपरेतील पुढचे पाऊल. अँपिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन या औषधांच्या अंगी एक नत्रयुक्त टोक मोकळे असते. त्या टोकाला सॅलिसिलाल्डिहाइड नावाचे द्रव्य जोडले की नत्र आणि प्राणवायू मिळून नवी नांगी तयार होते. ही जोडणी ह्यूगो शिफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६४ मध्ये दाखवून दिली, म्हणून तिला त्याचे नाव आहे. मग त्या नांगीत तांबे, जस्त, कोबाल्ट, निकेल यांपैकी एक धातू द्यावयाचा. चार कुप्यांत चार भुकट्या होत्या. तांब्याची हिरवी पाहताच आम्हांस कळकलेल्या कढीची आठवण झाली. जस्ताची जवळजवळ पांढरी होती.

त्या भुकटीने जंतू मरतात की नाही हे पाहण्याची रीत मात्र इतकी साधी आहे की आमच्या सातवीच्या वर्गालाही समजावी. चपट्या काचेच्या बशीत समुद्रशेवाळापासून केलेल्या अगरचा थर गोठवितात, त्यावर जंतूंचे विरजण पसरतात, अगरमध्ये नळीने गोल खळगे पाडतात आणि प्रत्येक खळग्यात एकेक औषध घालून बशी रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी सगळीकडे जंतूंची साय धरलेली असते. ज्या खळग्यातील औषध प्रभावी, त्याच्याभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ दिसते. ते पट्टीने मोजावयाचे. फोडांत पू करणारा स्टॅफिलोकॉकस एका बशीत, आतड्यातला ई. कोलाय दुसऱ्या बशीत. मातोश्रींच्या मूत्रमार्गात शिरला होता तो बहुधा याच ई. कोलायच्या जातीचा, असे डॉक्टर म्हणाले होते. त्या बशीकडे आम्ही जरा वैरभावानेच पाहिले.

तांब्याच्या संकुलाचे वर्तुळ मूळ औषधाच्या वर्तुळापेक्षा काही मिलिमीटरांनी मोठे होते. डोळ्यांना दिसत होते. आम्हांस एवढा आनंद झाला की तेथल्या तेथे आम्ही त्याला शाबासकी देऊन टाकली. कारणही त्याने सांगितले. जंतूच्या पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. सुट्या धातूवर विद्युत्भार असतो, त्यामुळे तो पाण्यात रमतो, तेलात नाही. नांगीत सापडला म्हणजे त्याचा भार नांगीच्या अणूंमध्ये वाटला जातो, सबंध संकुल स्निग्धप्रेमी बनते व आवरणातून आत सरकते, अशी उपपत्ती आहे. म्हणजे तीच पकड आतड्यात औषधाला अडविते आणि जंतूच्या दारात आत घेते, असा हा दुहेरी न्याय.

येथे आम्ही थांबलो असतो तर लेख लवकर संपला असता आणि वाचकांची दिशाभूल झाली असती. पण मुलगा प्रामाणिक निघाला. शिक्षकाला याहून मोठे वेतन नाही. तो म्हणाला, “सर, शाबासकी देण्याआधी हा खळगा पाहा.” त्या खळग्यात औषध नव्हतेच; होते नुसते मोरचूद, म्हणजे तांब्याचे साधे क्षार. त्याच्याभोवतीही लहानसे वर्तुळ होते. तांबे स्वतःच जंतूंचा काळ आहे. स्विस शास्त्रज्ञ नेगेली यांचे धातूंच्या अल्प मात्रेच्या परिणामावरील लेखन १८९३ साली प्रसिद्ध झाले. आणि २०१२ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले की तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातील पटकी, हगवण व विषमज्वर यांच्या जातीचे जंतू उगवेनासे होतात. आपल्या आज्यांचे तांब्याचे घंगाळ आणि हंडे या परीक्षेत उत्तीर्ण झाले. पण म्हणूनच बशीतल्या मोठ्या वर्तुळाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न बिकट होतो. संकुलाचे? सुट्या तांब्याचे? की दोघांच्या बेरजेचे? त्यासाठी एकाच बशीत मूळ औषध, नांगी जोडलेले औषध, नुसता धातू आणि संकुल असे चारही खळगे मांडले पाहिजेत. या विषयावरील पुष्कळ निबंधांत चौथ्याचे वर्णन रंगवून येते आणि तिसऱ्याचा पत्ता नसतो, अशी त्याची तक्रार आहे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म. वर्तुळाचा आकार औषधाच्या मारक शक्तीइतकाच ते अगरमध्ये किती वेगाने पसरते यावरही अवलंबून असतो. म्हणून खरा निवाडा व्हावयाचा तो औषध पातळ करीत करीत, किती कमी मात्रेत जंतूंची वाढ थांबते हे पाहून. तिसरी अडचण तर मुळावरच घाव घालणारी. पेनिसिलिनच्या कुळातील औषधांचा प्राण त्यांच्या चौकोनी कड्यात असतो, आणि तांबे व जस्त ते कडे फोडण्यास मदत करतात हे रसायनशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणजे मैत्रीसाठी बोलाविलेला पाहुणाच घर मोडणार नाही, याची खात्री प्रत्येक वेळी करून घेतली पाहिजे. त्यानंतर जठराचे आम्ल, रक्तातील प्रथिने, यकृत, मूत्रपिंड. काचेच्या बशीला यांपैकी काहीच नसते. त्याच्याच तक्त्यात निकेलची संकुले मूळ औषधापेक्षा उणी ठरलेली होती, आणि त्याने ती गाळली नव्हती.

आमच्या शेजारच्या एका सद्गृहस्थांना हे सर्व सांगितले तेव्हा ते उत्साहाने म्हणाले, “मग गोळी तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याबरोबर घेतली की दुप्पट गुण!” वाचकहो, असे काही कृपया करू नका. तसे केल्यास आमच्या दुधाच्या पेल्याचीच पुनरावृत्ती होईल.

मग या खटाटोपातून रुग्णाच्या हाती कधी काही पडले आहे काय? पडले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात खरचटल्यावर शिंपडावयाची निओस्पोरिनची बारीक पूड असते. तिच्यातील तीन औषधांपैकी एक बॅसिट्रॅसिन, आणि ते जस्ताशी जोडलेल्या स्वरूपात असते. हे औषध १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमधील एका लहान मुलीच्या जखमेत सापडलेल्या जिवाणूतून मिळाले. मुलीच्या आडनावावरूनच त्याचे नाव पडले. धातू जवळ असल्याखेरीज बॅसिट्रॅसिनला जंतूच्या भिंतीचे काम अडविता येत नाही, शिवाय जस्तामुळे ते टिकते. येथे नांगीतील धातू औषधाचा शत्रू नसून त्याचा उजवा हात आहे. दुसरे उदाहरण जळितांचे. १९६८ साली अमेरिकेतील चार्ल्स फॉक्स यांनी सल्फाडायझिन या जुन्या सल्फा औषधाला चांदी जोडली. सिल्व्हर सल्फाडायझिनचे ते पांढरे मलम तेव्हापासून जगभरच्या जळीत कक्षांत गेले. दिवाळीत भुईनळ्याने हात भाजलेल्या मुलाच्या हातावर, स्टोव्हच्या भडक्याने होरपळलेल्या बायांच्या अंगावर तेच लावले जाई. अलीकडे काही नवी आच्छादने जखम लवकर भरून आणण्यात त्याच्यापुढे गेली आहेत. पण चांदीच्या वळ्यांपलीकडे चांदीचा उपयोग न पाहिलेल्या किती गरिबांना त्या चांदीने तारले, याची गणती नाही.

क्विनोलोन कुळाची, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या घराण्याची, कथा तर आम्हांस विलक्षण वाटली. आतड्यात धातूने पकडले की ते निकामी, हे आपण पाहिले. पण जंतूच्या पोटात शिरल्यावर ते ज्या एंझाइमला जखडून टाकते, त्याला धरावयास मधे मॅग्नेशियमचा एक अणू सेतूसारखा लागतोच. जी नांगी आमच्या मातोश्रींच्या आतड्यात वैरीण झाली, तीच नांगी काढून टाकली तर औषधही उरत नाही. म्हणून त्यात सुधारणा करणाऱ्यांना ती सोडताही येत नाही आणि धरताही येत नाही.

शत्रूही धातूविद्येत मागे नाही. २००९ साली एका नव्या एंझाइमचे वर्णन प्रसिद्ध झाले. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या जंतूंत ते सापडले होते, म्हणून त्याच्या नावात आपल्या राजधानीचे नाव आले, आणि त्यावरून मोठा वादही झाला. हे एंझाइम शेवटच्या फळीतल्या कार्बापेनेम औषधांचे तेच चौकोनी कडे फोडते, आणि त्याच्या हातातील हातोडी म्हणजे जस्ताचे दोन अणू. २०१४ मध्ये कॅनडातील संशोधकांनी एका बुरशीतून असे द्रव्य शोधले की जे ते जस्त हिसकावून घेते. हातोडी गेली की जंतू पुन्हा औषधाला वश. प्रयोगशाळेतील उंदरांत हे साधले. रुग्णशय्येपर्यंतचा रस्ता अद्याप लांब आहे. २०२० साली ऑस्ट्रेलियातील एका उपक्रमाने जगभरातून आलेली ९०६ धातुसंयुगे तपासली, तेव्हा मानवी पेशींना अपाय न करता जंतूंना मारणाऱ्यांचे प्रमाण धातुविरहित संयुगांच्या सुमारे दहापट निघाले. आमच्या विद्यार्थ्याच्या टेबलासमोर भिंतीवर हाच आकडा चिकटविलेला आहे. निराश झाल्यावर तो त्याकडे पाहतो म्हणे.

निराशेला कारणही आहे, आणि ते त्याच्या प्रयोगशाळेपासून फार दूर नाही. औषधनिर्मितीशी आपल्या लोकांचे नाते जुने. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली व देशी पेनिसिलिन निघू लागले. १९६१ मध्ये आय.डी.पी.एल. ही दुसरी सरकारी कंपनी निघाली. तिचा रासायनिक औषधांचा कारखाना आपल्या बालानगरला उभा राहिला. तो कारखाना आज बंद आहे, पण त्यात कामाचा अनुभव घेतलेल्या माणसांनी या शहराभोवती औषधांचे उद्योग उभारले. १९८४ साली डॉ. रेड्डीज स्थापन करणारे अंजी रेड्डी हेही तेथेच होते. त्यामुळे औषधे स्वस्त झाली. मातोश्रींची गोळी चहाच्या दराने मिळाली ती याच कर्तबगारीमुळे, हे आम्ही विसरत नाही.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. सोलापूर-पुण्याकडे बसने जाताना पाटणचेरूजवळ खिडक्या ओढून घेण्याचा अनुभव या अंकाच्या बहुतेक वाचकांना असेल. तेथे सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणारे केंद्र होते. त्या केंद्रातून ‘शुद्ध’ होऊन बाहेर पडणारे पाणी स्वीडनचे योआकिम लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले आणि निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात जेवढे असावे त्याहून अधिक त्या नाल्यात होते. दिवसाकाठी सुमारे ४४ किलो औषध वाहून जात होते. सबंध स्वीडन देशाला पाच दिवस पुरावे एवढे. पुढच्या अभ्यासांत आसपासच्या तळ्या-विहिरींतही औषधांचे अंश आढळले, आणि इसकावागू ओढ्याच्या गाळातील जिवाणूंत औषधाला न जुमानणाऱ्या जनुकांची रेलचेल दिसून आली. इसकावागू मिळतो नक्कावागूला, नक्कावागू मंजिऱ्याला. ही मंजिरा म्हणजे बीडच्या बालाघाटात उगम पावून लातूर-बिदरवरून येणारी आपली मांजराच. पुढे कंदकुर्तीला ती गोदावरीस मिळते.

औषधाचे असे पातळ पाणी जंतूंना मारीत नाही, तालीम देते. आखाड्यात रोज थोडा थोडा मार खाऊन पैलवान घडतो तसा प्रकार. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या मर्यादा ठरविणारा मसुदा काढला होता. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा गळाल्या. जागतिक आरोग्य संघटनेची या विषयावरील मार्गदर्शक तत्त्वे सप्टेंबर २०२४ मध्ये आली. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एकाच वर्षी जगात सुमारे बारा लाख सत्तर हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज आहे. एक तरुण चार-पाच वर्षे घालवून वर्तुळ काही मिलिमीटरांनी वाढवितो. शहराच्या वेशीवर ते वर्तुळ रोज लहान होत असते. आम्ही हे त्याला बोलून दाखविले नाही. त्याला ते आमच्याहून चांगले ठाऊक आहे.

कारखान्यांवर लेखणी उगारून आम्ही मोकळे झालो असतो. परंतु परवा तोच मुलगा मातोश्रींना पाहण्यास पुन्हा आला होता. मातोश्री आता ओसरीवर बसून वाती वळतात आणि आम्हांस आमच्याच नावाने हाक मारतात. आम्ही हौसेने त्याला भिंतीवर लावलेले नवे वेळापत्रक दाखविले. पुन्हा तसे आजारपण आलेच तर उपयोगी पडावे म्हणून डॉक्टरांना विचारून ते मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहिले आहे: सकाळी सहा, गोळी, साधे पाणी, दुपारी बारा, लोह, संध्याकाळी सहा, गोळी, साधे पाणी. त्याने वाचून मान डोलावली. मग औषधांचे काय काय आहे ते दाखवा म्हणाला, तेव्हा आम्ही कपाटाचा खण उघडून त्याच्यापुढे ठेविला.

त्यात अॅमॉक्सिसिलिनची अर्धी पट्टी होती, आमच्या घशाच्या वेळची. अॅझिथ्रोमायसिनची एक गोळी, नातवाच्या खोकल्यातली. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या चार, कोणाच्या ते कोणालाच आठवेना. डॉक्सिसायक्लिनच्या तीन, मुदत संपलेल्या. सात दिवसांच्या सांगितलेल्या आणि तीन दिवसांत बरे वाटले म्हणून स्वतःच्या अकलेने थांबविलेल्या, किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दुकानातून आणलेल्या. त्याने त्या सगळ्या पाटावर ओळीने मांडल्या, बशीतले खळगे मोजावेत तशा मोजल्या, आणि विचारले, “सर, एवढ्या शिल्लक कशा राहिल्या?”

आम्ही चष्मा पुसू लागलो. मातोश्रींनी आतून त्याच्यासाठी ताक मागविले. सौभाग्यवतींनी ते स्टीलच्या पेल्यात आणून दिले.